फौजेचा मोड, रुपयाची मोड

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या ज्या क्लासमध्ये मी राज्यसेवा परीक्षेच्या मुलांना इतिहास शिकवते, तिथे संध्याकाळचा तास सुटला तरी काही मुलं बाकावरून उठत नाहीत. कुणाला शंका असतात, कुणाला खोलीवर परतायचं जिवावर येतं. परवा बडवानीकडचा एक मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. पान भरून वर्षं लिहिलेली, प्रत्येक वर्षाला लाल पेनची चौकट: १५२६, १७५७, १७६१, १८५७, १९४७, १९९१. चौकटी पट्टीने आखलेल्या. "मैम, देश के इतिहास के टर्निंग पॉइंट कुल कितने याद कर लें?"

मुलगा मनापासून विचारत होता. घरून महिन्याला येणारे पैसे, खोलीचं भाडं, मेसचा डबा, आणि परीक्षेला उरलेले महिने, असा सगळा हिशेब त्या "कितने"च्या मागे होता. त्याला मी म्हटलं, उद्या सांगते. घरी आले, कुकर लावला, पण डोक्यातून ती लाल चौकटींची वही काही गेली नाही.

मी शिकवते हिंदीत आणि विचार करते मराठीत. इंदूरच्या मराठी घरांत हे नवीन नाही. भाजीवाल्याशी एक, देवाशी एक, अशा दोन भाषा आम्ही जन्मापासून सांभाळतो. पण काही शब्द या दोन भाषांच्या मधल्या उंबऱ्यावर अडतात. हिंदीच्या पुस्तकात असतं "निर्णायक मोड़". मोड़ म्हणजे रस्ता वळतो ती जागा. मराठीत मोड म्हणजे दुसरंच. बखरींमध्ये "फौजेचा मोड झाला" असं येतं, तेव्हा फौज वळलेली नसते, उधळलेली असते. माणसं वाट फुटेल तिकडे धावत असतात. तोच मोड मटकीला येतो, ओल्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवली की. आणि माझी आजी रुपयाच्या सुट्ट्या पैशांनाही मोड म्हणायची. इथल्या दुकानदाराला ते कळायचं नाही, तो बिचारा तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. रस्त्याला असतं त्याला आपण वळण म्हणतो. मुलाला लागतं तेही वळण, आणि अक्षराला असतं तेही वळणच.

मग त्या मुलाच्या वहीतल्या चौकटींमध्ये नक्की काय आहे? वळणं, की मोड?

इंदूरमध्ये राहून हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आमचं शहर राजधानी झालं ते एका पराभवामुळे. राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, मागे सात मजल्यांचा वाडा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. बाहेरगावचे पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात आणि समजतात की बाईंनी इथूनच राज्य केलं. बाईंचा कारभार महेश्वरचा, नर्मदेकाठचा. यशवंतराव होळकरांचा अखेरचा काळ गेला भानपुऱ्याला, तोफा ओतण्यात. इंदूर तेव्हाही नांदतं होतं, पेठ होती, पण होळकरांची राजधानी म्हणून ते उभं राहिलं १८१८ नंतर, म्हणजे महिदपूरला होळकरांच्या फौजेचा मोड झाला आणि मंदसौरला तह झाला, त्यानंतर.

शाळेच्या पुस्तकात महिदपूर एका ओळीत उरकलेलं असतं: २१ डिसेंबर १८१७, इंग्रजांचा विजय. ही तारीख वर्गात मी फळ्यावर लिहीतच नाही. मी २० डिसेंबर लिहिते आणि मुलांना सांगते, पेनं खाली ठेवा, आता आपण उद्याचं काहीही जाणत नाही.

मग सांगायला लागते. शिप्रेचा काठ, डिसेंबरची थंडी. पंचांगाचं गणित मांडून पाहिलं तर पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आलेली, म्हणजे रात्र चांदण्याची. राजा दुसरे मल्हारराव, वय अकराच्या आसपास. कारभार यशवंतरावांच्या मागे राहिलेल्या तुळसाबाईंच्या हाती. दीड महिन्यापूर्वी, ५ नोव्हेंबरला, पुण्याजवळ खडकीला पेशव्यांनी इंग्रजांशी लढाई सुरू केली आहे आणि पुणं हातचं घालवलं आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस नागपुरात सीताबर्डीवर भोसल्यांची फौज हरली आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी कंपनीशी करार करून हात बांधून घेतले आहेत. होळकरांचाच जुना साथीदार अमीरखान, त्यानेही गेल्याच महिन्यात कंपनीशी स्वतःपुरतं जुळवून घेतलं आहे. इंग्रजांची फौज हिस्लॉप आणि माल्कम यांच्या हाताखाली जवळ येऊन ठेपली आहे. आणि छावणीतल्या पलटणींचा पगार थकला आहे.

आता सांगा, तुम्ही दरबारात आहात. काय कराल?

पहिल्यांदा हे केलं तेव्हा वर्ग गप्प राहिला. उत्तर वहीत असायची सवय लागलेली मुलं ती. मग खरगोनकडची एक मुलगी, एरवी कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मैम, पहले तनख्वाह दे देते तो?" मला अजून तिचा तो आवाज आठवतो. होळकरांच्या छावणीत त्या दिवसांत जे जे घडलं, त्याच्या तळाशी ही थकबाकी होती. पगार न मिळालेली फौज कारभाऱ्यांवर विश्वास ठेवत नाही. तुळसाबाई इंग्रजांशी बोलणी करताहेत, आपल्याला विकताहेत, हा संशय त्याच जमिनीत रुजला. त्याच रात्री बाईंना नदीकाठी नेऊन मारण्यात आलं आणि शिप्रेत टाकण्यात आलं. सकाळी इंग्रज फौज नदी ओलांडून आली. होळकरांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी उभे राहिले. इंग्रजांनीही हे लिहून ठेवलं आहे. कंपनीकडचेच पावणेआठशेच्या घरात मेले किंवा जखमी झाले. ही काही सहज मिळालेली जीत नव्हती. आणि तरी सोळा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ला, मंदसौरला तहावर सह्या झाल्या.

मला वाटतं, इतिहासाचा अभ्यास करायचा तर तो असा, आदल्या रात्री उभं राहून करावा. दुसऱ्या दिवशीची तारीख माहीत असली की माणूस फार लवकर शहाणा होतो. हे चुकले, त्यांनी दगा दिला, यांच्यात एकी नव्हती, असे तीन शेरे मारून पान उलटतो. आदल्या रात्री मात्र सगळ्या वाटा उघड्या दिसतात आणि प्रत्येक वाटेवर काहीतरी गमवायचं असतं. दरबारातला जो माणूस तह करा म्हणत होता, त्यालाही राज्य वाचवायचं होतं. जो लढा म्हणत होता त्यालाही.

एका डिसेंबरात आम्ही दोघं महिदपूरला जाऊन आलो, उज्जैनवरून. गहू हातभर वाढलेला, हरभरा फुलावर. नदीला पाणी बेताचं. काठावर एक बाई गोधड्या आपटत होती आणि तिचा मुलगा फोनवर गाणी लावून पायरीवर बसला होता. मी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. ह्यांनी विचारलं, "काय शोधतेस?" मला सांगता येईना. उतार कुठे असेल, तोफा कुठल्या बाजूला असतील, हे मी शोधत होते खरं, पण त्याहून जास्त मला त्या बाईंची आठवण येत होती. राजधानी इंदूरला आली, तहाची कलमं पाठ होतात, आणि तुळसाबाईंना आमच्या वहीत चौकटसुद्धा नाही.

तहाची कलमं मात्र वाचावीत. लढाईपेक्षा त्यात जास्त असतं. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरचे हक्क गेले, अमीरखानाला टोंक आणि गफूरखानाला जावरा मिळालं ते कायम झालं, आणि मुलखात कंपनीची फौज राहील असं ठरलं. त्या फौजेसाठी महूची छावणी वसली. इंदूरला रेसिडेन्सी, म्हणजे कंपनीच्या वकिलाची कचेरी, आली. होळकरांकडून तहाची बोलणी करणारे तात्या जोग कारभारी झाले आणि दरबार इंदुरात स्थिरावला. १८५७च्या १ जुलैला सआदत खानांनी ज्या रेसिडेन्सीवर चाल केली ती हीच, आणि त्याच रात्री महूच्या पलटणीही उठल्या. पुढे त्याच महूच्या लष्करी वस्तीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी १४ एप्रिल १८९१ला एक मूल जन्मलं, ज्याच्या हाताखाली या देशाच्या घटनेचा मसुदा झाला. शिप्रेकाठी झालेल्या मोडाला पुढे कसले मोड येणार होते, हे हिस्लॉपला ठाऊक नव्हतं आणि होळकरांच्या दरबारालाही नव्हतं. हे वर्गात सांगताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. पराभव चांगला होता असं मला म्हणायचं नाही. बी कुठे पडलं आणि उगवलं कुठे, याचा माग काढायला दोन पिढ्या, तीन पिढ्या थांबावं लागतं, एवढंच.

आणि विजय? त्याचीही एक तारीख मी मुलांना देते, जी कुणाच्याच चौकटीत नसते: २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळी. पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेला हरवलं. इंदुरी मराठी माणसाला यशवंतरावांचा अभिमान आहे, मलाही आहे. लहानपणी बाबा मला त्यांच्या गोष्टी सांगत. आणि ज्या कारणांनी ते पुण्यावर चालून गेले ती कारणं ऐकली की रक्त आजही तापतं. भाऊ मल्हारराव पुण्यात शिंद्यांच्या फौजेच्या हल्ल्यात मारले गेले. दुसरे भाऊ विठोजी, त्यांना १८०१च्या एप्रिलमध्ये पेशव्याच्या, दुसऱ्या बाजीरावाच्या, हुकमावरून पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं आणि जाळलं. अशा माणसाने काय करावं, असं कुणीही विचारील.

पण हडपसर जिंकलं, आणि बाजीराव पळाला. पुण्याहून कोकणात, कोकणातून समुद्रमार्गे वसईला, इंग्रजांच्या आसऱ्याला. ३१ डिसेंबर १८०२ला वसईचा तह झाला आणि पेशवाईच्या दारात कंपनीची फौज कायमची उभी राहिली. पुढच्या वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले. शिंदे-भोसले असईला हरले. त्याच्या पुढच्या वर्षी होळकर लढले, इंग्रजांच्या मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पळवत नेलं, पण तेव्हा शिंदे-भोसले हात टेकून बसलेले होते. एकेकट्याने लढायचं आणि एकेकट्याने हरायचं. मराठ्यांच्या इतिहासाचं मोठं वळण पानिपतावर झालं असं सगळे म्हणतात. पानिपतानंतर दहा वर्षांत महादजी दिल्लीत होते. पानिपतातून उठता आलं. माझ्या मते ज्यातून उठता आलं नाही ते हडपसर, आणि ते आपणच जिंकलेलं. हे मी माझ्या वडिलांसमोर एकदा बोलले होते. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "खरं असेल. पण तू हे म्हणताना विठोजीचं नाव आधी घे." त्यानंतर मी ते नेहमी आधीच घेते.

त्या मुलाच्या वहीत १९९१ही होतं. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचं, म्हणून त्याला ते १७५७सारखंच. मी तेव्हा कॉलेजात होते. जुलैच्या अर्थसंकल्पाचं आमच्या घरी कुणी बोललेलं मला आठवत नाही. आठवतं ते काकांचं. काका कापडगिरणीत जॉबर होते, आणि त्याच सुमारास गिरणी बंद पडली. सकाळच्या भोंग्यावर आमचं घर उठायचं. काकू भोंग्याच्या आधी चहा टाकायची. भोंगा थांबल्यावरही ती कित्येक महिने त्याच वेळी उठून बसत असे. वर्गात मी १९९१ शिकवते तेव्हा उदारीकरण आणि परकीय चलन सांगतेच, पण गिरणीचंही सांगते, आणि प्रामाणिकपणे हेही सांगते की गिरणी त्या अर्थसंकल्पाने बंद पडली नव्हती. यंत्रं जुनी होती, कर्ज होतं, यंत्रमागाचं कापड स्वस्त पडत होतं. दुखणं पंधरा-वीस वर्षांचं होतं. दोन गोष्टी एका वर्षात घडल्या की एक दुसरीमुळे घडली असं मनाला फार चटकन वाटतं. काका गेले तोवर तसंच समजत राहिले, आणि मी कधी त्यांचं म्हणणं खोडलं नाही. घरात खोडलं नाही, वर्गात खोडते.

आम्हा मराठी लोकांची इथली एक तारीख आणखी आहे, १ नोव्हेंबर १९५६. मध्य भारत हे राज्य गेलं, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला. ज्या शहरात दरबारचं दफ्तर एके काळी मराठीत चाले, त्या शहराची आमची पुढची पिढी हिंदी शाळेत गेली. कुणी जुलूम केला नाही, कुणी काही हिसकावून घेतलं नाही. घराघरातून एकेक मूल दुसऱ्या शाळेत गेलं, इतकंच. माझी मुलगी मराठी सुरेख बोलते आणि वाचताना अडखळते. राष्ट्राच्या इतिहासात याला वळण म्हणणार नाहीत. आमच्या घराच्या इतिहासात याहून मोठं नाही.

तेच अडखळणं मला मोडीकडे, मराठीच्या जुन्या लिपीकडे, घेऊन गेलं. माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांनी फडक्यात बांधलेले काही कागद होते. घरात सांगत की आमचा कुणी पूर्वज होळकरांच्या दफ्तरात कारकून होता. कागद कुणाला वाचता येत नव्हते. मी दोन वर्षांपूर्वी मोडी शिकायला घेतली, दर रविवारी सकाळी, एका वयोवृद्ध काकांकडे. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, लेखणी शक्य तितकी न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांमध्ये जागा नाही. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ठरवायचं. काका म्हणतात, "आधी अक्षराचं वळण डोळ्यात बसू दे, घाई करू नकोस."

आमच्या एका कागदावर शके १७४० आहे. म्हणजे १८१८-१९. महिदपूरनंतरचं पहिलंच वर्ष. मी तो शक वाचला आणि हात थरथरायला लागला. चौथ्या ओळीत "मोड" हा शब्द स्पष्ट दिसला. म, ओ, ड. मी काकांना फोन केला, म्हटलं, सापडलं, आमच्या घरात महिदपुराचा उल्लेख आहे, फौजेचा मोड झाला असं लिहिलंय. ते म्हणाले, "कागद घेऊन ये."

त्यांनी भिंग धरलं, ओळ मागून पुढे आणि पुढून मागे वाचली. मग बोट ठेवून मला वाचायला लावलं. मोडच्या आधी रुपयाचा आकडा होता. रुपयाची मोड. खाली सगळा खर्चाचाच तपशील: गाडीभाडं, दोर, तेल, गूळ, आणि इंदूर मुक्कामी जागेचं भाडं. तो माणूस बिऱ्हाड घेऊन इंदूरला येत होता. दरबार आला म्हणून तोही आला. त्याने वाटेत कुठेतरी रुपया मोडला, आणि त्यात किती घट आली ते लिहून ठेवलं.

त्या रविवारी मी काही बोलले नाही. काकांनी चहा दिला. मला वाईट वाटलं होतं का? थोडं वाटलं. मग रात्री पुन्हा कागद उघडून बसले आणि त्या माणसाचं अक्षर बघत राहिले. शाई एकसारखी आहे, कुठे डाग नाही. त्याच्या धन्याची फौज उधळून वर्ष झालं नव्हतं, राजधानी हलली होती, मुलखात परक्यांची छावणी पडली होती, आणि हा गुळाचा भाव पै-पैसह मांडत होता. त्याला कळत नव्हतं असं मी आता म्हणणार नाही. घरातली माणसं नव्या गावात न्यायची होती त्याला. तो ज्या गावी आला त्याच गावात मी दोनशे वर्षांनी इतिहास शिकवते.

मुलाने विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून वर्गात नेला. बडवानीच्या मुलाला बोलावलं, वहीतल्या चौकटी दाखव म्हटलं, आणि १८१७ लिहायला सांगितलं, महिदपूर. त्याने चौकट आखायला पट्टी काढली. मी म्हटलं, थांब, आधी हे बघ. कागद एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरला. कुणी शिरोरेघेवरून वरूनच बोट फिरवलं, कुणी फोटो काढला. खरगोनची मुलगी कागद उजेडाकडे धरून विचारत होती, "मैम, आखिरी लाइन में क्या है?"

शेवटच्या ओळीत "बाकी" आहे, तेवढं लागतं. बाकीपुढचा आकडा घडीवर आला आहे आणि घडीवर कागद विरला आहे. मागून दिवा धरला तर दिसेल, असं काका म्हणतात. येत्या रविवारी पुन्हा घेऊन जाणार आहे. तिलाही यायचं आहे म्हणाली.